शरीर जाणणे हाही अभ्यासच : मानवी चेतासंस्थेची ओळख

प्रस्तुत स्मरणिकेसाठी लेखाची मागणी झाली, तेव्हा संपादक मंडळाची अपेक्षा इतिहासावरील लेखाची होती. आम्ही इतिहासाचे शिक्षक, तेव्हा ती अपेक्षा स्वाभाविकच होती. तथापि या वेळी आम्ही मुद्दाम शरीरविज्ञानाचा विषय घेतला आहे. त्याला एक रात्र कारणीभूत आहे.

गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची. एका वसतिगृहात निवासी शिक्षक म्हणून रात्रीची जबाबदारी आमच्याकडे होती. सातवीतील एक विद्यार्थी पंगतीतून उठता उठता एकाएकी कोसळला. हातपाय ताठ झाले, झटके येऊ लागले, तोंडातून फेस आला, डोळे वर गेले. मुले घाबरून ओरडली. कोणी म्हणाले, "बाहेरचं आहे." कोणी कांदा फोडून आणला, कोणी चप्पल आणली. ती चप्पल त्या लेकराच्या नाकाशी धरणारा हात आमचा होता. समोरच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा होती. बावीस प्रतिज्ञा आम्हांस मुखोद्गत होत्या, पदव्युत्तर पदवी होती. परंतु माणसाच्या मेंदूत काय घडते, याविषयी आम्ही निरक्षर होतो. दोन-तीन मिनिटांनी झटके थांबले आणि चपलेनेच ते थांबले, असे आम्हांसही क्षणभर वाटले. दुसऱ्या दिवशी पालक आले आणि मुलाला देवऋषीकडे घेऊन गेले. आम्ही त्यांना अडविले नाही. तो मुलगा शाळेत परत आला नाही.

आमच्या अज्ञानाची किंमत त्या मुलाने मोजली. पुढील पाठ हा त्या ऋणाचा एक लहानसा हप्ता आहे, असे विद्यार्थ्यांनी समजावे.

शब्दांचा घोळ आधी सोडवू

आपल्या बोलीत 'शीर' आणि 'नस' हे शब्द फार सैलपणे वापरले जातात. हातावर दिसणारी निळसर रक्तवाहिनी ही शीर, पायात गोळा आला तर 'शिरेवर शीर चढली', कंबर दुखली तर 'नस दबली'. वस्तुतः या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. रक्त वाहून नेते ती रक्तवाहिनी, आकुंचन पावून हाडे हलवितो तो स्नायू, आणि संदेश वाहून नेते ती चेता. पायात गोळा येतो तो स्नायूच्या आकुंचनाने. तेथे शीर कशावरही चढत नाही. कंबरेतून पायापर्यंत जाणारी कळ मात्र पुष्कळदा खरोखरच चेतेवरील दाबाने येते.

'स्नायू' या शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. संस्कृतात स्नायू म्हणजे हाडांना बांधणारी दोरी. मराठीत तो मांसल भागाचा वाचक झाला, तर हिंदीत तोच शब्द चेतेसाठीही वापरतात. पाली भाषेतील 'न्हारू' हा त्याचाच सखा. खुद्दकपाठातील 'द्वत्तिंसाकार' या शरीराच्या बत्तीस भागांच्या यादीत न्हारू आहे, आणि 'मत्थलुंग', म्हणजे मेंदूही आहे. केस, नखे, दात यांच्या पंक्तीतच मेंदू बसविला आहे. शरीराकडे ना पूजेच्या, ना किळसेच्या दृष्टीने पाहावे. जे जसे आहे तसे पाहावे, ही त्यामागील शिस्त आहे. आपणही त्याच शिस्तीने पुढे जाऊ.

चेतासंस्थेची रचना

चेतासंस्थेचे दोन मुख्य विभाग मानतात. मेंदू आणि मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था होते. त्यांच्यापासून निघून सर्व शरीरभर पसरलेल्या चेता मिळून परिघीय चेतासंस्था होते.

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे 1300 ते 1400 ग्रॅम असते. शरीराच्या वजनाच्या मानाने तो जेमतेम दोन टक्के भरतो. पण शरीर वापरीत असलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे वीस टक्के ऑक्सिजन तो एकटा वापरतो. म्हणूनच रक्तपुरवठा थांबताच सर्वांत आधी नुकसान होते ते मेंदूचे. कवटीच्या आत तीन आवरणांनी तो वेढलेला आहे आणि त्या आवरणांमध्ये प्रमस्तिष्क-मेरुद्रव नावाचे स्वच्छ पाणी खेळत असते. मेंदू त्यात जवळजवळ तरंगतो, म्हणून चालताना, धावताना त्याला हिसका बसत नाही.

मेंदूचे तीन ठळक भाग ध्यानात ठेवावेत. सर्वांत मोठा, वळ्यावळ्यांचा भाग म्हणजे प्रमस्तिष्क. पाहणे, ऐकणे, बोलणे, आठवणे, ठरविणे ही कामे त्याच्याकडे. त्याचे दोन अर्धगोल आहेत. डावा अर्धगोल शरीराच्या उजव्या बाजूचे आणि उजवा अर्धगोल डाव्या बाजूचे नियंत्रण करतो. त्याच्या मागे खालच्या अंगाला अनुमस्तिष्क आहे. तोल सांभाळणे आणि हालचालींत नेमकेपणा आणणे हे त्याचे काम. डोक्यावर हंडा ठेवून बांधावरून चालणारी बाई, लेझीम खेळणारा मुलगा, लिपी गिरविणारे बालक, ही सर्व अनुमस्तिष्काच्या मदतीने ते करतात. तिसरा भाग मस्तिष्कस्तंभ. त्याच्या खालच्या टोकाला लंबमज्जा आहे. श्वासोच्छ्वास, हृदयाचे ठोके, रक्तदाब यांचे नियमन तेथून होते. आपण झोपतो, लंबमज्जा झोपत नाही.

लंबमज्जेपासून खाली पाठीच्या कण्यातील पोकळीतून मेरुरज्जू जातो. त्याची लांबी सुमारे 42 ते 45 सेंटीमीटर, म्हणजे कण्याहून बरीच कमी. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी तो संपतो. त्याखाली केवळ चेतांचा झुपका असतो. ही माहिती निरुपयोगी नाही. मेंदूच्या आवरणाला सूज आल्याचा संशय असेल, तर डॉक्टर पाठीतून पाणी काढून तपासतात. 'पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो' या भीतीने अनेक कुटुंबे ती तपासणी नाकारतात. सुई घालतात ती मेरुरज्जू जेथे संपतो त्याच्या खाली, हे ठाऊक असते तर ही भीती उरली नसती.

मेंदूपासून कर्पर चेतांच्या 12 जोड्या आणि मेरुरज्जूपासून मेरू चेतांच्या 31 जोड्या निघतात. काही चेता आपल्या इच्छेने चालणाऱ्या स्नायूंना आज्ञा देतात. हृदय, आतडी, ग्रंथी यांच्याकडे जाणाऱ्या चेता मात्र आपली इच्छा विचारीत नाहीत. त्यांना स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. परीक्षेच्या आधी तोंड कोरडे पडते, छाती धडधडते, ते तिचेच काम.

तापलेल्या तव्याला बोट लागले की हात आधी मागे येतो आणि 'भाजले' हे नंतर कळते. या प्रतिक्षिप्त क्रियेत त्वचेकडून निघालेला संदेश संवेदी चेतापेशीने मेरुरज्जूत येतो, तेथे सहयोगी चेतापेशी तो पुढे देते, आणि प्रेरक चेतापेशी स्नायूला आज्ञा पोचविते. निर्णय मेरुरज्जूतच होतो. मेंदूला वर्दी मागाहून जाते.

पेशींचा शोध : स्वयंपाकघर आणि मोच्याचे दुकान

एकोणिसाव्या शतकात इतर अवयव पेशींचे बनलेले आहेत हे सिद्ध झाले होते. मेंदूचे मात्र कोडे होते. सूक्ष्मदर्शकाखाली धाग्यांचा गुंता दिसे. कोठला धागा कोठून निघाला हे कळत नसे. 1873 साली इटलीतील कामिल्लो गोल्जी यांनी एका लहान रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात मांडलेल्या प्रयोगशाळेत चांदीच्या क्षाराने मेंदूचे काप रंगविण्याची पद्धत शोधली. या रंगाची विशेषता अशी की, तो थोड्याच पेशींना चढतो. परंतु ज्या पेशीला चढतो तिला टोकापर्यंत काळी करतो. गुंत्यातून एकेक झाड वेगळे दिसू लागले.

त्या झाडांचा खरा अर्थ लावला तो स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी. लहानपणी हा मुलगा अभ्यासात उनाड म्हणून वडिलांनी त्याला आधी न्हाव्याकडे आणि मग मोच्याकडे कामाला ठेवले होते. आमच्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. काहाल यांच्यासाठी चांभारकाम ही काही काळाची शिक्षा होती. त्यातून उठून ते वैद्यकशास्त्राकडे जाऊ शकले. आपल्या देशात तेच काम पिढ्यान्‌पिढ्यांचे जन्मसिद्ध बंधन होते, त्यातून उठण्यास मनाई होती. किती काहाल त्या दुकानांतच संपले, याचा हिशेब कोणत्याही बखरीत नाही.

1888 पासून काहाल यांनी दाखवून दिले की, मेंदू हे एकसंध जाळे नसून स्वतंत्र पेशींचा समुदाय आहे. त्या एकमेकींना अगदी जवळ येतात, पण एकजीव होत नाहीत. 1906 साली गोल्जी आणि काहाल यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. गंमत अशी की, गोल्जी यांनी पारितोषिकाच्या भाषणातही काहाल यांचे मत खोडण्याचाच प्रयत्न केला. उपकरण एकाचे, सत्य दुसऱ्याला दिसले. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींमधील फट प्रत्यक्ष दाखविली आणि वाद मिटला.

चेतापेशीचे तीन भाग असतात. मधला फुगीर भाग पेशीकाय. त्यात केंद्रक असते. त्याला फुटलेल्या आखूड, फांद्याफांद्यांच्या तंतूंना वृक्षिका म्हणतात. त्या संदेश आत आणतात. एक लांब तंतू बाहेर जातो तो अक्षतंतू. तो संदेश पुढे नेतो. कमरेपासून पायाच्या अंगठ्याकडे जाणारा अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असतो, आणि तो एकाच पेशीचा भाग असतो. मानवी मेंदूत अशा सुमारे 8600 कोटी चेतापेशी आहेत. त्यांपैकी सुमारे 6900 कोटी लहानशा दिसणाऱ्या अनुमस्तिष्कात आणि सुमारे 1600 कोटी प्रमस्तिष्काच्या बाह्य थरात आहेत.

या सर्व पेशींवर राज्य करणारी एखादी 'राजापेशी' मेंदूत सापडत नाही. 'मी' नावाचा कोणी आत बसून हुकूम सोडतो, असे कोणत्याही कापात दिसत नाही. दिसते ते असंख्य पेशींचे परस्परावलंबी काम. अनात्मवादाचा अभ्यास करणाऱ्याला हे वाचून नवल वाटणार नाही. मात्र विज्ञानाने धम्म सिद्ध केला, असा घाईचा दावा आम्ही करीत नाही. दोहोंची पद्धत एकच, 'या आणि पाहा', एवढेच आम्ही म्हणतो.

ज्यांना डिंक म्हटले त्या पेशी

मेंदूत चेतापेशींखेरीज जवळपास तेवढ्याच संख्येने आणखी पेशी आहेत. एकोणिसाव्या शतकात त्यांना 'ग्लिया' हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ डिंक. मोठ्या पेशींना चिकटवून ठेवणारा मसाला, एवढीच त्यांची किंमत केली गेली. आज आपण जाणतो की, ताऱ्यासारख्या आकाराच्या ग्लियापेशी चेतापेशींना पोषण पोचवितात आणि भोवतालचे रसायन समतोल ठेवतात. काही सूक्ष्म पेशी जंतू व मृत अवशेष उचलतात. आणि काही अक्षतंतूंभोवती मायलिन नावाचे स्निग्ध आवरण गुंडाळतात. ज्यांच्या श्रमावर सर्व व्यवहार चालतो, त्यांचे नाव शेवटी घेण्याची सवय शास्त्रज्ञांनाही होती, असे दिसते.

परिघीय चेतांना मायलिनचे आवरण देणाऱ्या पेशींना श्वान पेशी म्हणतात. कुष्ठरोगाचा जंतू नेमका त्यांच्यावर हल्ला करतो. म्हणून कुष्ठरोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही, चटका कळत नाही. जखमा होतात, त्या चिघळतात आणि बोटे झिजतात. बोटे 'गळतात' ती कोणत्याही पापाने नव्हे, तर वेदनेची वर्दी देणारी चेता बधिर झाल्याने. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सुप्रबुद्ध कुष्ठरोग्याची कथा घेतली आहे. लोक ज्याला दूर लोटत, त्याला तथागतांनी सभेतील इतरांप्रमाणेच उपदेशास पात्र मानले. आज या रोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नये. लवकर उपचार झाल्यास बोट वाचते.

संदेश कसा जातो

चेतेतून जाणारा संदेश विजेच्या स्वरूपाचा असतो; पण तारेतून वाहणाऱ्या विजेसारखा नव्हे. स्वस्थ चेतापेशीच्या आतील बाजू बाहेरच्या मानाने किंचित ऋण असते. हा फरक सुमारे 70 मिलिव्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या एका सेलच्या विसाव्या हिश्श्याएवढा. पेशीला पुरेसे उद्दीपन मिळाले की तिच्या पटलातील सूक्ष्म दारे उघडतात, सोडियमचे कण आत शिरतात आणि क्षणभर आतली बाजू धन होते. लगेच पोटॅशियमचे कण बाहेर जातात आणि पूर्वस्थिती येते. ही उलथापालथ अक्षतंतूवरून पुढे पुढे सरकते. तिलाच आवेग म्हणतात.

मायलिनचे आवरण असलेल्या जाड तंतूतून आवेग सेकंदाला 120 मीटरपर्यंत वेगाने धावतो. आवरण नसलेल्या बारीक तंतूतून सेकंदाला सुमारे एक मीटर. ठेच लागली की आधी चटकन तीक्ष्ण कळ येते आणि थोड्या वेळाने खोल ठणका सुरू होतो, हे प्रत्येकाने अनुभवले आहे. दोन संदेश दोन वेगांच्या वाटांनी येतात, हे त्याचे कारण.

आवेग अक्षतंतूच्या टोकाशी आला की पुढे फट असते. तिची रुंदी मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी. या संपर्कस्थानी विजेचे काम संपते आणि रसायनाचे सुरू होते. हे 1921 साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या दोन हृदयांवर दाखविले. एका हृदयाच्या चेतेला उद्दीपन देऊन त्याचे ठोके मंद केले आणि त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर घातला. दुसऱ्याचेही ठोके मंद झाले. चेतेने काही द्रव्य सोडले असले पाहिजे, हे उघड झाले. ते द्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलीन. 1936 साली लोवी यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आणि 1938 साली नाझींनी ऑस्ट्रिया घेताच ते ज्यू म्हणून तुरुंगात पडले. पारितोषिकाची रक्कम देऊन टाकल्यावरच त्यांना देश सोडता आला. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणारी व्यवस्था ज्ञानालाही सोडत नाही, हा इतिहासाचा धडा येथेही भेटतो.

या फटीचे ज्ञान आपल्या गावांशी थेट जोडलेले आहे. नाग आणि मण्यार यांचे विष नेमके चेता आणि स्नायू यांच्या संपर्कस्थानी काम बंद पाडते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यास चावते. वेदना फारशी होत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. मेंदू आज्ञा देत असतो, पण ती स्नायूला पोचत नाही. मंत्राने ही फट उघडत नाही. प्रतिसर्पविष आणि गरजेप्रमाणे कृत्रिम श्वास, हाच उपाय.

विंचवाचेही तसेच. लाल विंचवाचे विष चेतांच्या सोडियमच्या दारांना उघडे ठेवते. स्वायत्त चेतासंस्थेत वादळ उठते आणि हृदयावर असह्य ताण येतो. कोकणात अशी कितीतरी मुले दगावत. जालना जिल्ह्यातील गरीब शेतकरी कुटुंबातून आलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाड परिसरात रुग्णांच्या उशाशी रात्री काढून, रक्तदाबावरील प्राझोसीन हे साधे औषध येथे उपयोगी पडते, हे 1980 च्या दशकात दाखविले. विंचूदंशाने होणारे मृत्यू त्याने कमालीचे घटले. 1927 साली ज्या महाडात पाण्याच्या हक्कासाठी आपले लोक चवदार तळ्यावर गेले, त्याच परिसरातील हा दुसरा मुक्तिलढा आहे, असे आम्ही आमच्या वर्गात सांगतो.

फिट येणे म्हणजे काय

आता त्या रात्रीकडे येऊ. मेंदूतील चेतापेशी सामान्यतः आपापल्या वेळी, आपापल्या गटात संदेश सोडतात. काही कारणाने पुष्कळ पेशी एकाच वेळी, अनावरपणे आवेग सोडू लागल्या, की शरीराला झटके येतात. हीच फिट. असे झटके पुन्हा पुन्हा येण्याच्या प्रवृत्तीला अपस्मार किंवा मिरगी म्हणतात. जन्मवेळी प्राणवायू कमी पडणे, डोक्याला मार, मेंदूचा संसर्ग, अनुवंश अशी कारणे असू शकतात. पट्टकृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन बसणे हे आपल्या देशातील एक महत्त्वाचे कारण आहे. म्हणूनच शौचानंतर साबणाने हात धुणे आणि कच्च्या भाज्या नीट धुऊन खाणे हा मेंदूच्या रक्षणाचाही भाग आहे. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. चप्पल, कांदा, अंगारा यांना मिळणारे श्रेय हे त्या आपोआप थांबण्याचे चोरलेले श्रेय असते.

इसवी सनापूर्वी सुमारे 400 च्या काळात ग्रीसमध्ये हिपोक्रेटिस यांच्या परंपरेतील एका वैद्याने या रोगावर ग्रंथ लिहिला. हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे, असे त्याने स्पष्ट म्हटले. आपल्याकडे जीवकाची कथा विनयपिटकात आहे. उकिरड्यावर टाकून दिलेले हे मूल तक्षशिलेत सात वर्षे शिकले आणि राजगृहाच्या एका श्रेष्ठीची कवटी उघडून त्याने दोन किडे काढले, असे तेथे सांगितले आहे. कथेचा तपशील इतिहास म्हणून शब्दशः घेऊ नये. परंतु डोक्याच्या दुखण्याचे कारण डोक्यातच शोधावे, ही दृष्टी त्या समाजात होती, हे त्यातून निश्चित दिसते. पुढे प्रेताला स्पर्श हा विटाळ ठरला. मृत देह हाताळणारे अस्पृश्य, आणि ग्रंथ हाताळणारे देहाला न शिवणारे, अशी फाळणी झाली. 1836 साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा ती मोठ्या धैर्याची घटना ठरली. हात आणि डोके वेगळे केल्याची शिक्षा ज्ञानाला किती शतके भोगावी लागली, ते यावरून कळावे.

फिट आलेल्या व्यक्तीसाठी काय करावे, हे प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावे. तिला कुशीवर वळवावे. डोक्याखाली मऊ कपडा द्यावा, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर साराव्यात. घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. नाकाशी काहीही धरू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, लगेच दुसरा आला किंवा पहिल्यानेच आला असेल, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आल्यावर तिच्याभोवती गर्दी करू नये आणि तिला लाजवू नये. योग्य औषध नियमित घेतल्यास दहांपैकी सुमारे सात रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. ते शिकू शकतात, नोकरी करू शकतात, संसार करू शकतात. 1999 साली विवाहविषयक कायद्यातून 'अपस्मार' हा शब्द वगळण्यात आला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, किंवा साप-विंचू चावलेल्यास वैद्यकीय उपचारापासून रोखणे, हा त्यानुसार गुन्हा आहे.

'अंगावरून वारं गेलं' असे ज्याला म्हणतात, तो पक्षाघातही मेंदूतील रक्तवाहिनी तुंबल्याने वा फुटल्याने होतो. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडी वळणे ही लक्षणे दिसताच मोठ्या रुग्णालयात न्यावे. गाठ विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

मेंदूचे वजन आणि जात

शेवटचा मुद्दा आमच्या मूळ विषयाजवळचा. 1861 साली पॉल ब्रोका यांनी पॅरिसमध्ये एका रुग्णाचा मेंदू तपासला. तो रुग्ण एकच अक्षर उच्चारू शके. त्याच्या डाव्या अर्धगोलाच्या पुढील भागास इजा आढळली. वाचेचे स्थान सापडले. शोध खरा होता. परंतु याच ब्रोका यांनी मेंदू तोलून आणि कवट्या मोजून मानवगटांची उतरंडही लावली. ती खोटी होती. रशियन लेखक तुर्गेनेव्ह यांचा मेंदू सुमारे 2000 ग्रॅमचा, तर फ्रेंच लेखक आनातोल फ्रान्स यांचा सुमारे 1000 ग्रॅमचा भरला. दोघेही थोर, फ्रान्स यांना तर 1921 चे नोबेल मिळाले. वजनाने बुद्धी मोजता येत नाही, याचा याहून सोपा पुरावा नको.

आपल्याकडे 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची मापे घेऊन जातींची उतरंड वंशावर बसविली. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीच्या ग्रंथात बाबासाहेबांनी मापांचाच आधार घेऊन उत्तर दिले : ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्या मापांत वंशभेद दिसतच नाही. ते मापनाला घाबरले नाहीत. त्यांनी मापन नीट वाचले. अभ्यास म्हणजे काय, याचा हा वस्तुपाठ आहे.

चेतापेशींना जात नाही. भेद पडतो तो त्यांना काय मिळाले याने. गर्भारपणी आणि बालपणी पुरेसे अन्न, लोह आणि आयोडीन, शांत झोप, भीतीविरहित घर, बोलणारी माणसे आणि पुस्तके, यांवर संपर्कस्थानांची घडण अवलंबून असते. एखादी कविता पुन्हा पुन्हा म्हटली, गणित पुन्हा पुन्हा सोडविले, की त्या कामातील पेशींची संपर्कस्थाने दृढ होतात. शिकणे म्हणजे शरीरात घडणारा प्रत्यक्ष बदल आहे. 2000 साली लंडनमधील टॅक्सीचालकांच्या पाहणीत, हजारो रस्ते पाठ केलेल्या चालकांच्या मेंदूतील स्मरणाशी निगडित एक भाग इतरांहून मोठा आढळला. मेंदूची घडण विशीनंतरही काही वर्षे चालू राहते आणि शिकण्याची शक्ती त्यापुढेही उरते. 'आमच्या मुलांच्या डोक्यात शिरत नाही' असे म्हणणाऱ्याने त्या मुलांच्या ताटात काय पडले आणि त्यांच्या कानावर काय पडले, हे आधी विचारावे.

ज्या मुलापासून हा लेख सुरू झाला, तो आज कोठे आहे, हे आम्हांस माहीत नाही. त्याचे अक्षर सुंदर होते. त्याला एक गोळी, एक समंजस शिक्षक आणि कुशीवर वळविणारा एक हात मिळाला असता, तर कदाचित या स्मरणिकेत माजी विद्यार्थी म्हणून त्याचाही लेख असता.

या संस्थेतील प्रत्येक विद्यार्थ्यास आमची एकच विनंती आहे. फिट आलेल्यास करावयाचे प्रथमोपचार एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून आपापल्या खोलीत, भोजनगृहात आणि सुट्टीत घरी गेल्यावर गावच्या विहारात लावा. पुढच्या वेळी एखादे मूल कोसळेल, तेव्हा चपलेकडे जाणाऱ्या हाताआधी तुमचा हात पोचला पाहिजे.

जय भीम.